बीट, सोया लेसिथिन आणि हळद : पेशीपटलातला मेद वर्गात दाखवण्याच्या खटपटीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

अकरावीच्या वह्या तपासून झाल्या. पेशीपटलाची आकृती सगळ्यांची सुबक आहे. गोळ्यांच्या दोन रांगा, प्रत्येक गोळ्याला दोन शेपट्या, अधूनमधून प्रथिनांचे ठोकळे. डोकी बाहेर का आणि शेपट्या आत का, तेही पाठ आहे. पण "हे पटल बोटाला लागलं असतं तर कसं लागलं असतं?" असं विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर आलं, प्लॅस्टिकच्या कागदासारखं. त्यांचा दोष नाही. छापलेली आकृती हलत नाही.

म्हणून या सत्रात तीन गोष्टी डोळ्यांना दाखवायच्या आहेत. पेशीतला रंग अडवून धरणारा पडदा मुख्यतः मेदाचा असतो. तो पडदा वाहता असतो. आणि तो कुणी विणत नाही, योग्य मेद पाण्यात पडला की आपणहून तसा बसतो. आमचं कनिष्ठ महाविद्यालय तासगाव तालुक्यात आहे. प्रयोगशाळेत चालू स्थितीतले दोन मायक्रोस्कोप, एक बरा वजनकाटा आणि एक जुना फ्रीज आहे. वेगाने फिरवून गाळ वेगळा करणारा सेंट्रिफ्यूज नाही, रंगाची तीव्रता मोजणारा कलरीमीटर नाही. प्राचार्यांनी दीड हजारापर्यंत खर्चाला होकार दिलाय. दुसऱ्या कुणा शिक्षकाला हेच करायचं असेल तर वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवते आहे.

२१ नोव्हेंबर

सुरुवात बिटापासून. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, कोंडलेला असतो. बाहेर पडायचं तर आधी रिक्तिकेचं पटल आणि मग पेशीचं पटल ओलांडावं लागतं. मेदाच्या थरातून तो सहजी जात नाही, त्यामुळे भोवतालचं पाणी लाल झालं तर पटलाला काहीतरी झालं असं धरता येतं.

नळकांडी कापायला ज्यूसचा स्टीलचा स्ट्रॉ वापरला. बिटात दाबून फिरवायचा, आतली कांडी सळईने ढकलून काढायची आणि ब्लेडने ३ मिलिमीटरच्या चकत्या करायच्या. स्वयंपाकाच्या सुरीने केलेल्या चकत्या जाडपातळ होतात आणि मग एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

चकत्या थेट पाण्यात टाकल्या तर साध्या पाण्यातही लालेलाल. कापताना ज्या पेशी चिरल्या त्यांचा रंग सांडतो, त्याचा पटलाशी काही संबंध नाही. पाणी स्वच्छ राहीपर्यंत चकत्या धुवाव्या लागतात. घाई केली की पुढचा सगळा प्रयोग वाया. आम्ही शेवटी आदल्या संध्याकाळी चकत्या कापून, धुऊन, पाण्याच्या भांड्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लागलो. वरच्या कप्प्यात ठेवू नका. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ धरतो आणि बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात. सकाळी भांड्यात सरबत मिळालं.

२५ नोव्हेंबर

तापमानाचा प्रयोग. परीक्षानळीत पाणी आणि चकत्या, नळी गरम पाण्याच्या पातेल्यात, वीस मिनिटं. असं लिहिलेलं असतं आणि असं करून काहीही धड मिळत नाही. सकाळी लोडशेडिंग, हॉटप्लेट बंद, पातेलं थंड होत जातं. ६० ला सुरू केलेली नळी शेवटी ५० वर आलेली. शिवाय ७० च्या वर जास्त वेळ ठेवलं तर बिटाचा रंग स्वतःच मोडतो आणि तपकिरी होतो, म्हणजे जास्त गळती होऊन रंग कमी दिसतो.

जे जमलं ते असं. घरून आणलेल्या थर्मासमध्ये हव्या त्या तापमानाचं पाणी. चकत्या गाळणीत घालून त्यात बरोबर १ मिनिट. लगेच काढून गार पाण्याच्या नळीत, प्रत्येक नळीत १० मिली पाणी आणि पाच चकत्या. वीस मिनिटांनी चकत्या काढून टाकायच्या आणि पाण्याचा रंग पाहायचा.

रंग मोजायला बिटाच्या रसाच्या दहा पातळ्यांची रंगपट्टी केली, ० ते १०. ३० आणि ४० अंशांना जवळपास काही नाही. ५० ला २ ते ३. ६० ला एकदम ७. ७० ला पट्टीच्या बाहेर. मुलांना हा उंबरठा पाहून मजा वाटली.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, उष्णतेनं प्रथिनं पण बिघडतात की. मग मेदाचं काय सिद्ध झालं?" बरोबर आहे. उष्णतेच्या प्रयोगातून पटल मोडलं एवढंच कळतं. त्यातलं काय मोडलं ते कळत नाही. मेद वेगळा काढायचा तर मेद विरघळवणाऱ्या गोष्टी वापरायला हव्यात.

२९ नोव्हेंबर

अल्कोहोल. शुद्ध इथाइल अल्कोहोलच्या परवान्याच्या भानगडीत पडायचं नव्हतं. सांगलीत मोबाईल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, तेच आणलं. १०, २०, ३०, ४० टक्के अशी द्रावणं केली, तापमान खोलीचंच. १० टक्क्याला थोडीशी गळती, ३० च्या पुढे जोरात. एक थेंबही गरम न करता. कोविडच्या वेळचं जेल सॅनिटायझर कपाटात पडून होतं, ते वापरू नये. जेलमुळे पाणी गढूळ होतं आणि चकत्या चिकटून बसतात.

मग साबण. इथे अर्धी दुपार गेली. कपडे धुण्याची पावडर घातलेल्या नळीतलं पाणी पिवळट तपकिरी. लाल रंगच नाही, म्हणजे गळती नाही, असं दोन गटांनी लिहूनही टाकलं होतं. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि बिटाचा लाल रंग अल्कधर्मी पाण्यात पिवळा पडतो. नळीत लिंबाचे चार थेंब टाकल्यावर थोडा लाल परत आला, तेव्हा खात्री झाली. रंग गळला होताच, फक्त दिसत नव्हता. पावडर बाजूला ठेवून भांडी घासायचं लिक्विड १ टक्का घेतलं, लिटमसने तपासून. आता नळी झकास लाल. साबणाचा रेणूही एका टोकाला पाणी मागतो आणि दुसऱ्या टोकाला तेल, त्यामुळे तो पटलातल्या मेदात शिरतो आणि मेदाचे रेणू बारीक गोळ्यांत गुंडाळून बाहेर काढतो.

२ डिसेंबर

दोन तुकड्यांचे आकडे जुळेनात. अ तुकडीची गळती ब तुकडीपेक्षा प्रत्येक तापमानाला जास्त. बीट एकाच पोत्यातलं, स्ट्रॉ तोच. मुलांनी एकमेकांवर ढकलून झालं. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या मामांनी सहज सांगितलं, "सकाळी आरओचा कॅन होता, दुपारी संपला म्हणून बोअरचं भरलं."

आमचं बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर धरतो. पटलातला मेद म्हणजे फॉस्फोलिपिड, पाणी मागणारं डोकं आणि तेलकट शेपट्या असलेला रेणू. पाण्यातलं कॅल्शियम त्याच्या डोक्यावरच्या ऋणभारित फॉस्फेटला धरतं आणि शेजारशेजारची डोकी जवळ खेचतं, पटल घट्ट होतं. पडताळा घेतला. आरओच्या पाण्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि ६० अंशांचा प्रयोग पुन्हा केला. रंग ७ वरून ४ च्या आसपास उतरला. ठरवलेल्या तीन गोष्टींत ही नव्हती, पण आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं निरीक्षण हेच. इथून पुढे सगळं आरओच्या पाण्यात.

५ डिसेंबर

रंगपट्टी डोळ्यावर अवलंबून, म्हणून हिरव्या एलईडीचा आणि एलडीआरचा (प्रकाशाप्रमाणे रोध बदलणारा सुटा भाग) कलरीमीटर केला. बिटाचा रंग साधारण ५३५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, म्हणून हिरवाच एलईडी हवा. लाल लावला तर काहीच फरक दिसत नाही. पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून काळा रंगवला, मधोमध नळीला भोक, एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला एलडीआर, मल्टिमीटरवर रोध मोजायचा.

खिडकी उघडी असेल तर आकडे नाचतात. वरून काळं कापड घालावं लागतं. ९ व्होल्टची बॅटरी उतरत गेली तसा साध्या पाण्याचाच आकडा सरकत गेला, म्हणून प्रत्येक नळीआधी साध्या पाण्याची नळी लावून घ्यायची. एलडीआर सरळ रेषेत वागत नाही, रंग दुप्पट झाला म्हणून रोध दुप्पट होत नाही. त्यासाठी रंगपट्टीच्याच दहा नळ्या लावून आलेख काढला आणि तो भिंतीवर चिकटवला. वेळ फार गेला. खरं सांगायचं तर वर्गात दाखवायला डोळा आणि रंगपट्टी पुरेशी आहे. प्रदर्शनात मांडायचं असेल तरच हे करा.

९ डिसेंबर

सकाळी वर्गात चांगलीच थंडी. खोबरेल तेलाची बाटली घट्ट झालेली, शेंगतेल पातळ. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, कारण त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, साखळ्या सरळ, एकमेकांना लगटून बसतात. शेंगतेलातल्या बहुतेक साखळ्यांना दुहेरी बंधाशी बाक असतो, त्या जवळ बसू शकत नाहीत.

हे तेलाचं झालं, पटलाचं नव्हे, हे मुलांना आधीच सांगितलं. पटलात तेल नसतं, फॉस्फोलिपिड असतं. पण साखळ्यांचा हिशेब तोच. फळ्यावर दोन आकडे लिहिले. डोकं तेच ठेवून १६ कार्बनच्या दोन सरळ साखळ्या लावल्या तर तो द्विस्तर, म्हणजे दोन रांगांचा थर, ४१ अंशांच्या खाली गोठलेला असतो. १८ कार्बनच्या, पण प्रत्येकी एक दुहेरी बंध असलेल्या साखळ्या लावल्या तर तो उणे १७ अंशांपर्यंत वाहता राहतो. साखळी लांब असूनही. थंडीत वाढणारी झाडं, थंड पाण्यातले मासे आपल्या पटलांत असंपृक्त साखळ्या वाढवतात ते यासाठीच. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल मधे बसून दोन्हीकडून सांभाळतं, उष्णतेत फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत साखळ्यांना घट्ट रांग धरू देत नाही.

१३ डिसेंबर

पाण्यावरचा एक रेणूचा थर. सोपा वाटला होता, सगळ्यात जास्त यानेच छळलं.

ऑलेइक आम्ल, एक असंपृक्त मेदाम्ल, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हजारात एक भाग केलं, आधी पन्नासात एक, मग त्यातलं वीसात एक. पसरट ट्रेमध्ये पाणी, वर बारीक भुकटी, मधे एक थेंब. थेंब पसरतो, भुकटी मागे सरते, स्वच्छ वर्तुळ उरतं. अल्कोहोल काही पाण्यात मिसळतं, काही उडून जातं, आम्लाचा एक रेणू जाड थर उरतो, डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत.

भुकटी कोणती, इथे अडलं. सांगलीत आहोत म्हणून हळद भुरभुरली. मुळीच चालली नाही. हळदीत स्वतःचंच तेल असतं, ते आधीच पाण्यावर पसरून बसतं आणि आपल्या थेंबाला जागाच उरत नाही. खडूची भुकटी बुडाली. मलमलच्या कापडातून चाळलेली, बिनवासाची टाल्कम चालली, तीही अगदी हलक्या हाताने. ट्रे साबणाने धुतलेला असेल तर साबणाचा मागमूसही प्रयोग बिघडवतो. आमचे ट्रे रोज भांड्यांच्या लिक्विडने धुतले जायचे, आणि मी पाण्याला दोष देत बसले होते. आता ट्रे फक्त गरम पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने.

एका मुलाच्या घरी बेदाण्याचं शेड आहे. तो बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवताना वापरतात त्या डिपिंग ऑइलची बाटली घेऊन आला, "यात पण ऑलेएट असतं ना मॅडम?" असतं, इथाइल ऑलेएट. पण द्राक्षांच्या त्या तेलात पाण्यात मिसळण्यासाठी घातलेले इमल्सीकारकही असतात, आणि तेच आधी पसरतील. बाटली परत दिली. तिचं काम पुढे आहे.

१६ डिसेंबर

वर्तुळ मिळालं. व्यास साडेअकरा सेंटिमीटर. पण जाडी काढताना पहिला आकडा अडीचपट आला, कारण १ मिलीचे २० थेंब धरले होते. ते पाण्याचं. सुई काढलेल्या १ मिली सिरिंजमधून या अल्कोहोलचे ५० थेंब पडतात, मोजून पाहिले. थेंब ०.०२ मिली, त्यात आम्ल ०.००००२ घन सेंटिमीटर, वर्तुळाचं क्षेत्रफळ १०४ चौरस सेंटिमीटर. भागाकार १.९ नॅनोमीटर. एका ऑलेइक आम्लाच्या रेणूची लांबी साधारण २ नॅनोमीटर धरतात. ताटलीभर पाणी, फूटपट्टी आणि त्रैराशिक यांतून रेणूची लांबी. वर्गात टाळ्या पडल्या.

मग १९२५ ची गोष्ट सांगितली. हॉलंडमधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद अ‍ॅसिटोनने काढला, तो असाच पाण्यावर पसरवला आणि त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिलं. दुप्पट भरलं. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर. तांबड्या पेशीच घेतल्या, कारण सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशींत आतली पटलं नसतात, सगळा मेद बाहेरच्या पटलाचाच. गंमत पुढे आहे. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघत नव्हता, तो कमी भरला. पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमीच मोजला. दोन चुका एकमेकांना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. आमच्या अ आणि ब तुकड्यांनी हे फार मन लावून ऐकलं.

२० डिसेंबर

अंड्यातलं लेसिथिन, म्हणजे फॉस्फोलिपिडांचं मिश्रण. तीन मुलांच्या गळ्यात माळ आहे, त्यांनी अंड्याला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्यांना बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून सोया लेसिथिन आणून दिलं. शेवटी त्यांचंच काम सरस ठरलं.

बलक टिश्यू पेपरवर लोळवून पांढरं पुसायचं, पातळ पडदा टोचून बलक अ‍ॅसिटोनमध्ये सोडायचा. अ‍ॅसिटोन पिवळं होत जातं. साधा मेद, कोलेस्टेरॉल आणि बलकाचा रंग त्यात जातो, फॉस्फोलिपिड जात नाही. अ‍ॅसिटोन बदलत राहायचं. उरलेला पांढुरका चोथा कोमट अल्कोहोलमध्ये ढवळायचा, प्रथिनं खाली बसतात, लेसिथिन अल्कोहोलमध्ये येतं. गाळून अल्कोहोल उडू द्यायचं.

दोन सूचना जाड अक्षरांत लिहिल्या आहेत असं समजा. गॅस, स्टोव्ह, काडी, काहीही जवळ नको. कोमट करायचं ते दुसरीकडून आणलेल्या गरम पाण्यात भांडं ठेवून, खिडक्या सताड उघड्या ठेवून. आणि अ‍ॅसिटोन डिस्पोजेबल पेल्यात ओतू नका. एका गटाचा थर्माकोलचा पेला टेबलावर वितळून बलकासकट पसरला.

एका बलकात दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फोलिपिड असतं. आमच्या हाती अर्ध्याहून कमी लागलं, मेणासारखं पिवळट. बाकीचं चोथ्यात आणि गाळणकागदावर राहिलं.

२ जानेवारी

नाताळच्या सुट्टीत अंड्याचं लेसिथिन कपाटात राहिलं. परत आल्यावर तपकिरी आणि खवट. असंपृक्त साखळ्यांवर हवेतल्या ऑक्सिजनचा हल्ला होतो, शेंगदाण्याचं कूट जुनं झाल्यावर होतं तेच. टाकून दिलं. इथून पुढे सोयाच.

सोया लेसिथिन घेताना बघून घ्यावं. काकवीसारखं घट्ट तपकिरी मिळतं त्यात एक तृतीयांशाच्या आसपास तेलच असतं. औषधाच्या दुकानातल्या मऊ कॅप्सुलांतही तेल. तेल काढलेले पिवळे दाणे मिळतात, तेच घ्यावेत.

४ जानेवारी

आजचा दिवस चांगला. काचपट्टीवर लेसिथिनचा साबुदाण्याएवढाही नाही असा कण, वर आवरण काच, हलकेच दाबून कडेने आरओच्या पाण्याचा एक थेंब. १०० पट, मग ४०० पट. अर्ध्या मिनिटात कणाच्या कडेतून नळ्या फुटायला लागल्या. लांब होतात, वळतात, एकमेकींभोवती पीळ घेतात, टोकाला फुगतात, कधी तुटून गोल होतात. कुणीही हात लावलेला नाही. या आकृत्यांना मायेलिन आकृत्या म्हणतात. १८५४ मध्ये फिर्शो यांनी मज्जातंतूंच्या मायेलिन या मेदाळ आवरणात त्या पहिल्यांदा पाहिल्या. एकेका नळीत एकावर एक शेकडो द्विस्तर असतात, मधे पाण्याचे पापुद्रे.

मोबाईल रबरबँडने नेत्रिकेला बांधून चित्रण केलं. मुलं रांगेत उभी राहून पाहत होती. प्लॅस्टिकचा कागद म्हणणाऱ्यांपैकी एक जण फक्त "बाप रे" म्हणाला आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

आधी हे जमत नव्हतं त्याची दोन कारणं. अल्कोहोल पूर्ण उडालेलं नसेल तर कण नुसता विरघळून दुधाळ होतो, नळ्या दिसत नाहीत. आणि कॅप्सुलातलं घेतलं तर तेलाचे गोल थेंब दिसतात, ते हलत नाहीत. थेंब आणि नळी शेजारी शेजारी दाखवले तर तेल आणि फॉस्फोलिपिड यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. एकाच्या डोक्याला पाणी हवं असतं, दुसऱ्याला डोकंच नाही.

९ जानेवारी

लिपोसोम, म्हणजे द्विस्तराच्या मिटलेल्या बारीक पिशव्या. लेसिथिनचे दाणे कोमट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळले, न विरघळलेलं खाली बसू दिलं, वरचं पिवळसर निथळ सिरिंजमध्ये घेऊन ढवळत्या पाण्यात बारीक धारेने सोडलं. पाणी दुधट निळसर झालं. अंधारात लेझरचा किरण आत स्पष्ट दिसतो. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम इथे बँगहम यांनी लेसिथिन पाण्यात टाकून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा त्यांना मिटलेल्या द्विस्तरांच्या पिशव्या दिसल्या. आपल्याकडे तो मायक्रोस्कोप नाही. पण भांड्यांचं लिक्विड थेंबथेंब टाकत गेलं की दुधट पाणी एका टप्प्यावर स्वच्छ होतं आणि लेझरची रेघ पुसट होते. पिशव्या मोडून मेद साबणाच्या बारीक गोळ्यांत गेला. बिटाच्या चकत्यांना साबणाने काय केलं ते इथे उघडं पडतं.

१३ जानेवारी

हळद इथे कामाला आली. राजापुरी हळदीची पूड अल्कोहोलमध्ये घालून गाळली. पिवळं द्रावण, त्यात कुर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेदात जातं, आणि मेदात गेल्यावर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली हिरवट पिवळं चमकतं. दोन नळ्या: एकीत नुसतं पाणी, दुसरीत लिपोसोमचं पाणी. दोन्हींत हळदीच्या अर्काचे तीन तीन थेंब. दोन्हींत अल्कोहोल सारखंच पडायला हवं, कारण हळद अल्कोहोलमध्येही चमकते. नाहीतर चमक कशाची ते कळणार नाही. पाण्याच्या नळीत मंद, गढूळ पिवळं. दुसरी नळी दिव्यासारखी.

बोअरच्या पाण्यात करू नका. पाणी अल्कधर्मी असेल तर हळद लालसर होते आणि लवकर मोडते.

तोच मागच्या बाकावरचा: "मॅडम, शेंगतेलाचं पाणी घुसळून टाकलं तरी चमकेल." चमकलंच. म्हणजे या प्रयोगातून मेद आहे एवढं कळतं, मेदाची पिशवी आहे आणि आत पाणी आहे हे कळत नाही. ते दाखवायला बिटाच्या रसातच लिपोसोम करून बाहेरचा रंग धुऊन टाकायचा प्रयत्न केला. सेंट्रिफ्यूजशिवाय जमलं नाही. अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याची पिशवी करून त्यातून रंग बाहेर सोडायचा प्रयत्न केला, तो पापुद्रा सांध्यावर गळत राहिला. हे सोडून दिलं.

३० जानेवारी

बारावीच्या प्रात्यक्षिकांमुळे खंड पडला. द्राक्षं आली आहेत. बेदाण्याच्या शेडवाल्या मुलाने घरूनच प्रयोग केला. घडाचा अर्धा भाग त्यांच्या नेहमीच्या द्रावणात बुडवला, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, अर्धा तसाच. रोज वजन. बुडवलेले मणी कितीतरी वेगाने हलके होत गेले.

इथे वर्गाची गल्लत होऊ दिली नाही. डिपिंग ऑइल काम करतं ते मण्याच्या सालीवरच्या मेणाच्या थरावर. तोही मेदच, पाणी अडवणाराच, पण तो पेशींच्या बाहेर बसवलेला थर आहे. त्यात दोन रांगा नाहीत, तो पेशीला वेढत नाही. त्या मुलाने वहीत दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या आहेत, मेणाच्या थराला एकाही रेणूचं डोकं न काढता.

११ फेब्रुवारी

खर्च: आयसोप्रोपिल अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, लेसिथिनचे दाणे आणि ऑलेइक आम्ल मिळून साधारण हजार रुपये, बाकी सुटे भाग, टॉर्च, बीट, अंडी. दीड हजारात बसलं. अंडी आणि अ‍ॅसिटोन वगळले तर बरंच कमी होईल, आणि पुढच्या वर्षी वगळणार आहे. वापरलेलं अ‍ॅसिटोन बंद बाटलीत, चिठ्ठी लावून, बाहेरच्या शेडमध्ये ठेवलं आहे; बेसिनमध्ये ओतायचं नाही.

क्रमही बदलायचा. आधी मायक्रोस्कोपखालच्या नळ्या, मग साबणाने दुधट पाणी स्वच्छ होणं, मग बीट. बिटापासून सुरुवात केल्याने सुरुवातीचे सगळे तास उष्णतेवर आणि पाण्यावर गेले आणि मेद दिसायला जानेवारी उजाडला. बोअरच्या पाण्याचा प्रयोग मात्र मुद्दाम ठेवायचा, दोन तुकड्यांना न सांगता.

पिशवीच्या आत पाणी असतं याचं काय करायचं, ते मागच्या बाकावरच्यानेच सुचवलं आहे: जिवंत पेशीच घ्यायची. कांद्याच्या पापुद्र्यावर न्यूट्रल रेड हा रंग टाकला की त्याचा भार नसलेला रेणू पटलातून आत शिरतो, रिक्तिकेच्या आम्लात भारित होतो आणि तिथेच अडकतो. मग मिठाचं पाणी टाकून रिक्तिका आकसताना पाहायची. न्यूट्रल रेडची छोटी बाटली मागवली आहे.